क्षुद्र म्हणविले जाणारे पादविकार : चिकित्सेपूर्वीची स्पर्शपरीक्षा

आषाढी वारीत पालखी सासवड मुक्कामी आली की आम्ही काही समव्यवसायी मित्र तेथे जाऊन वारकऱ्यांचे पाय पाहतो. दिवे घाटाची चढण नुकतीच झालेली असते. पाऊस असेल तर पाय चिखलात भिजून पांढरे पडलेले, नसेल तर तापलेल्या डांबराने पोळलेले असतात. माउली सतरंजीवर बसून पाय पुढे करतात आणि वैद्य त्यांच्यापुढे खाली बसतो. दवाखान्यातील बैठकीची ही उलटापालट आम्हांस मनापासून आवडते. टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, अंगठ्याच्या मुळाशी रुतून बसलेली कुरुपे, नखुरडे, चपलेच्या पट्ट्याने उठलेले फोड असे सारे काही एका सकाळी पाहावयास मिळते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १३ व्या अध्यायात जे ४४ क्षुद्ररोग वर्णिले आहेत, त्यांतील पायाचे रोग शिकावयाचे असतील तर वारीसारखे विद्यालय नाही.

काही वर्षांपूर्वी तेथेच साठी ओलांडलेल्या एक आजी गुडघ्यांची तक्रार घेऊन आल्या. पाय पुढे करताच दिसले की उजव्या अंगठ्याचे नख अर्धे उचकटलेले असून भोवती रक्त वाळले आहे. “माउली, हे केव्हा लागलं?” असे विचारता त्या वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, हे कधी झालं?” आमच्यासमवेत असलेला तरुण वैद्य कौतुकाने हसला. “किती सोशिक असतात हो ही माणसं!” असे तो म्हणाला. आम्हांस हसू आले नाही. त्याचे कारण सन २००९ मधील एका रुग्णपत्रकात आहे आणि ते येथे सविस्तर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एक जुने रुग्णपत्रक

रुग्ण निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ५८. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, आम्हीही म्हणत असू. डाव्या तळपायास अंगठ्याच्या मुळाशी बोराएवढे कदर होते. त्यांना मधुमेह असल्याचे आम्हांस ठाऊक होते. गोळ्या चालू होत्या आणि ‘साखर कंट्रोलमध्ये आहे’ असे ते स्वतःच सांगत. अग्निकर्माचे प्रशिक्षण घेऊन आम्हांस तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि हाती नवी पंचधातूची शलाका आलेल्या वैद्यास जो तो व्याधी दहनसाध्यच दिसू लागतो. आम्ही कदराचा कठीण थर तासला आणि शलाका तापवून दहन केले. गुरुजी वर्तमानपत्र वाचीत होते. पान उलटण्यापलीकडे त्यांनी हालचाल केली नाही. कर्म आटोपल्यावर आम्ही रुग्णपत्रकावर लिहिले : ‘दहनकाली वेदना नाही. सहनशीलता उत्तम.’

नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी आल्या. “डॉक्टर, यांना रात्री थंडी वाजून ताप आला, आणि पायमोज्याला वास येतोय,” असे त्या म्हणाल्या. घरी जाऊन पाहतो तो पाय घोट्यापर्यंत लाल, सुजलेला, आणि दहनाच्या जागी खोल, दुर्गंधी व्रण झालेला. मधल्या काळात गुरुजी एका लग्नाला जाऊन आले होते. पाय दुखत नसल्याने त्यांनी दिवसभर नवे बूट वापरले, पंगतीत वाढले आणि रात्री उशिरा बसस्थानकापासून चालत घरी आले. रक्तशर्करा तीनशेच्या वर होती. त्याच दिवशी त्यांना शहरातील शल्यतज्ज्ञांकडे पाठविले. पाय वाचला, परंतु अंगठा व त्यामागील अस्थीचा काही भाग काढावा लागला.

गुरुजींनी अथवा घरच्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तो दिला असता तर कदाचित सोपे झाले असते. ‘वेदना नाही’ या दोन शब्दांत रोगाचे संपूर्ण निदान होते. ते आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले आणि आपल्या कौशल्याची पावती समजून त्याखाली सही केली.

शास्त्राने आधीच केलेला निषेध

पुढे अनेक रात्री आम्ही संहिता चाळल्या, तेव्हा ध्यानी आले की आमची चूक शास्त्रात आधीच नोंदलेली आहे. फक्त तिच्यापर्यंत पोहोचण्यास दोन पायऱ्या चढाव्या लागतात. सुश्रुत सूत्रस्थानाच्या १२ व्या अध्यायात अग्निकर्मास अयोग्य रुग्णांची गणना करताना पित्तप्रकृती, दुर्बल, बाल, वृद्ध, भीरू इत्यादींच्या अखेरीस ‘अस्वेद्य’ असा एकच शब्द येतो. परीक्षेसाठी यादी पाठ करताना तो आपण घाईने म्हणून टाकतो. अस्वेद्य कोण, हे पाहण्यासाठी चिकित्सास्थानाच्या ३२ व्या अध्यायात जावे तर तेथे पांडुरोग्यासमवेत मेही उभा आहे. चरकाचार्यांनीही सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात मधुमेही स्वेदनास वर्ज्य सांगितला आहे. म्हणजेच प्रमेही अस्वेद्य आणि अस्वेद्य तो अदाह्य. आम्हांस दोन्ही अध्याय मुखोद्गत होते, पण त्यांची गाठ मात्र कधी मारलेली नव्हती.

याहून मर्मभेदी विधान सुश्रुत चिकित्सास्थानाच्या १२ व्या अध्यायात, प्रमेहपिडकांच्या संदर्भात आढळते. रसवाहिन्यांच्या दौर्बल्यामुळे प्रमेहींचे दोष ऊर्ध्वगामी होत नाहीत, म्हणून पिडका अधःकायात उत्पन्न होतात, असा त्याचा आशय आहे. आजच्या परिभाषेत दूरच्या रक्तवाहिन्यांतील मंद अभिसरण व बधिर झालेल्या नाड्या असे आपण म्हणतो. चरक निदानस्थानाच्या ४ थ्या अध्यायात हातापायांची सुप्तता आणि दाह ही प्रमेहाची पूर्वरूपे म्हणून येतात, हेही येथे स्मरावे. ‘पायाची आग होते’ म्हणून आलेल्या रुग्णास केवळ पित्तशामक देऊन घरी पाठविण्यापूर्वी त्याची रक्तशर्करा पाहावी ती यासाठी.

स्पर्शपरीक्षा कशी करावी

दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण नित्य करतो. परंतु पायाच्या बाबतीत स्पर्शन म्हणजे आपल्या हाताला काय लागते एवढेच आपण पाहतो. रुग्णाला काय लागते, हेही पाहावयास हवे.

यासाठी आम्ही १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतो. हा नायलॉनचा एक तंतू असून १० ग्रॅम भाराला वाकतो. तो तळव्याच्या निबर नसलेल्या जागी काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबावा. रुग्णाने डोळे मिटून ‘लागले’ म्हणावे. तो जवळ नसल्यास इंग्लंडमधील इप्स्विच येथील वैद्यकांनी प्रचारात आणलेली, निव्वळ बोटाने करावयाची चाचणी आहे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा जागी आपल्या तर्जनीचे टोक अलगद, एक-दोन सेकंदच टेकवावे. दाबू नये, घासू नये, गुदगुल्या करू नयेत. सहापैकी दोन अथवा अधिक स्पर्श रुग्णास कळले नाहीत तर तो पाय बधिर समजावा. या चाचणीस एक मिनिटही लागत नाही आणि खर्च शून्य आहे. सन २००९ मध्ये आम्ही बोटाने इतके जरी केले असते तरी गुरुजींच्या पायाला शलाका लागली नसती.

स्पर्शानंतर धमनी. पायाच्या पाठीवर अंगठ्याच्या कंडरेलगत एक आणि आतल्या घोट्यामागे दुसरी, अशा दोन ठिकाणी स्पंदन पाहावे. नाडीपरीक्षेत निष्णात असलेले आपल्यापैकी अनेक जण मनगट सोडून खाली येत नाहीत, हे आम्ही आमच्याच अनुभवावरून लिहितो. दोन्ही ठिकाणी स्पंदन लागले नाही, पाय गार असला, किंवा थोडे चालताच पोटऱ्या भरून येत असल्या तर त्या पायावर नख कापण्यापलीकडचे कोणतेही शस्त्र चालवू नये, जळवा लावू नयेत, सिरावेध करू नये. विशेषतः विडी-तंबाखूचे व्यसन असलेल्या तरुणाचे बोट काळवंडत असेल तर तो आपल्या लेपाचा विषय राहत नाही. रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे.

बधिर पाय म्हणजे मधुमेहच, असेही समजू नये. त्वचेवर फिकट अथवा लालसर सुन्न चट्टा, घोट्याजवळ वा गुडघ्याच्या बाहेरील बाजूस जाड झालेली नाडी, चालताना पाऊल लोंबणे, अशा लक्षणांवरून कुष्ठरोगाची शंका घ्यावी. भारतात डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर त्याचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे घोषित झाले, तेव्हापासून आपली नजर सैल झाली आहे. नवे रुग्ण मात्र आजही आढळतात. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे दाखवून दिले की या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदनेचे भान नसल्याने दाब, चटके आणि जखमा यांकडे दुर्लक्ष होते व त्यातून बोटे जातात. मधुमेही पायाची आजची काळजी बरीचशी याच विचारावर उभी आहे.

नेहमीचे पादविकार

स्पर्श आणि स्पंदन दोन्ही ठीक असतील तर पुढील वाट सरळ आहे व तेथे आयुर्वेदाचे सामर्थ्य मोठे आहे.

पाददारी, म्हणजे लोकभाषेतील टाचांच्या भेगा अथवा जळवात, ही फार चालणाऱ्याच्या अतिरूक्ष पायांत वायूने निर्माण होते, असे सुश्रुत सांगतात. रूक्ष त्वचेवर कोरडे लेप घालून ती आणखी फाडण्याचा प्रकार आम्ही वारंवार पाहतो. आमचा क्रम असा : कोमट पाण्यात पाय दहा मिनिटे भिजवावेत, निबर कातडे खरखरीत दगडाने हलके घासावे, टिपून कोरडे करावे आणि त्वचा ओलसर असतानाच मलम भरून सुती मोजे घालावेत. मूळ ग्रंथातील लेपात मेण, राळ, घृत व गेरू यांसह वसा-मज्जाही आहेत. आम्ही तीळतेल १०० मि.ली., मेण २० ग्रॅम आणि चाळलेले राळेचे चूर्ण २० ग्रॅम मंद आचेवर एकजीव करून वापरतो. हिवाळ्यात मेण थोडे कमी करावे, एरवी मलम दगडासारखे होते. कोकणातील मित्र रातांब्याच्या बियांचे मुठेल गरम करून भेगांत भरतात. आमचा अनुभव असा की सोशिकपणे पंधरा दिवस लावणाऱ्यास त्यापेक्षा अधिक काही लागत नाही. मात्र ते गरम भरावयाचे असल्याने बधिर पायास वर्ज्य. भेगेतून रक्त येत असल्यास प्रथम जात्यादि घृत लावावे.

बिब्ब्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. भेगेत किंवा काटा मोडलेल्या जागी सुईवर बिब्बा तापवून चटका देण्याची रीत आपल्याकडील घराघरांत आहे, आणि ती देणाऱ्या आजीबाईंचा हात पुष्कळदा आपल्यापेक्षा सराईत असतो. तरीही बिब्बा कोणास उतेल ते सांगता येत नाही, आणि बधिर पायावर तो उतला तर रुग्णास आग होत नाही, फक्त कातडे जाते.

अलस, म्हणजे चिखल्या. दूषित चिखलाच्या संपर्काने होणारा हा रोग भातलावणीच्या बाया-बाप्यांत जेवढा दिसतो तेवढाच आता दिवसभर गमबूट घालणाऱ्या कामगारांत आणि हॉटेलात भांडी घासणाऱ्या मुलांत दिसतो. येथे आपला हात चुकतो तो तेलाने. पादाभ्यंगाचे माहात्म्य आपण इतके गातो की रुग्ण बेचक्यांतही तेल जिरवितो आणि क्लेद वाढवितो. बेचके कोरडे राहणे हीच निम्मी चिकित्सा होय. निंब-त्रिफळा क्वाथाने धुऊन, कापसाने टिपून, बोटांत कोरड्या सुती कापडाच्या घड्या ठेवाव्यात. ग्रंथोक्त लेपात हरताळ आहे, तो फुटलेल्या त्वचेवर आम्ही वापरीत नाही. दोन आठवड्यांत उतार नसेल किंवा नखे पिवळी, भुसभुशीत झाली असतील तर बुरशीची तपासणी करून तज्ज्ञाकडून बुरशीनाशक औषध सुरू करावे. मधुमेह्याच्या बेचक्यातील लहानशी चीरही पोटरीपर्यंत विसर्प चढण्यास पुरेशी असते, तेव्हा तेथे दोन आठवडे वाट पाहू नये.

टाचदुखी, विशेषतः सकाळचे पहिले पाऊल टेकताच उठणारी कळ, ही वातकंटकाची. विषम पाऊल पडणे हे तिचे ग्रंथोक्त कारण आजही तंतोतंत लागू आहे; वाढलेले वजन, दिवसभर उभे राहणे आणि पातळ तळाच्या चपला ही त्याची आजची रूपे. क्ष-किरण चित्रात दिसणारे वाढलेले हाड दाखवून रुग्णास घाबरविणे आम्हांस मान्य नाही, कारण तसे हाड असूनही टाच न दुखणारे पुष्कळ असतात. पोटरी व तळव्याचे ताण देणारे व्यायाम, मऊ टाचेचे पादत्राण, कोष्ठ पाहून एरंडतेल आणि गरज भासल्यास अग्निकर्म. होय, अग्निकर्म आम्ही सोडलेले नाही. स्पर्श शाबूत असलेल्या टाचेवर त्याचा गुण आम्ही शेकडो वेळा पाहिला आहे. तरुण पुरुषाच्या दोन्ही टाचा दुखत असून सकाळी पाठ आखडत असेल तर मात्र विचार टाचेचा न करता मणक्याच्या संधिवाताचा करावा.

कदराची चिकित्सा सुश्रुतांनी उत्कर्तन व तप्त स्नेहाने दहन अशी सांगितली आहे. पण जोवर दाब देणारे पादत्राण बदलत नाही तोवर कदर पुन्हा येणारच. आधी चप्पल पाहावी, तिच्या तळाशी झालेला खळगा आणि पायावरील कुरूप यांची जागा बहुधा जुळते.

बधिर पाय असताना

येथे शमनापेक्षा रक्षण प्रधान. शेक, गरम पाण्यात पाय बुडविणे, क्षार, दहन, बिब्बा, कुरुपाच्या पट्ट्या हे सर्व वर्ज्य. पाण्याचे तापमान रुग्णाने पायाने न पाहता घरातील दुसऱ्या कोणी कोपराने पाहावे. तेल साधे, कोमटही नको. बेचके सोडून लावावे आणि लावतानाच तळवा न्याहाळावा. चरकाचार्यांनी पादाभ्यंगाच्या फलश्रुतीत खरत्व व सुप्ती दूर होते असे म्हटले आहे. मधुमेहाने गेलेली संवेदना तेलाने परत आल्याचे मात्र आम्ही पाहिलेले नाही, आणि तसे आश्वासन रुग्णास देऊ नये. रोज तळव्याकडे कोणाची तरी नजर जाते, हा त्याचा मोठा लाभ.

पादत्राण मागे पट्टा असलेले, पुढे रुंद व आत मऊ रबराचा थर असलेले हवे. ते सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावे आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम असलेल्या रुग्णाशी वाद घालू नये. आम्ही त्यांना घरच्या ज्येष्ठांसमोर नेमाऐवजी दुसरे काही व्रत सुचवितो, बहुतेक ऐकतात. मंदिरातील तापलेल्या फरशीसाठी जाड मोजे घालून पहाटे दर्शन घेण्यास सांगतो.

आणखी एक फसवे चित्र ध्यानी ठेवावे. मधुमेह्याचा एकच पाय सुजलेला, गरम, लाल, पण फारसा न दुखणारा, त्वचेवर जखमही नाही. याला वातरक्त समजून आपण लेप व मर्दन सुरू करतो. आत मात्र पायाची हाडे व सांधे खचत असू शकतात. त्या पायावर भार टाकणे तत्काळ थांबवून अस्थितज्ज्ञांकडे पाठवावे. चोळले तर पावलाची कमान कायमची मोडते.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींस

कुरूप झालेला रुग्ण पुष्कळदा वैद्याकडे येण्याआधी आपल्या दुकानात येतो. कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते. ते निबर कातडे जाळते, तसेच भोवतालचे निरोगीही. आपल्या गल्ल्यावरून ती पट्टी देण्यापूर्वी “साखर आहे का?” आणि “पायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटली तर कळते का?” एवढे विचारावे. पैकी एकही उत्तर ‘होय, साखर आहे’ किंवा ‘निसटलेली कळत नाही’ असे आले तर पट्टी परत कपाटात ठेवावी आणि रुग्णास वैद्याकडे धाडावे. आमच्या गावातील एका दुकानदार मित्राने हे सुरू केले. एका पट्टीचे चार पैसे बुडाले, पण ती माणसे मोजे आणि मलम घेण्यास त्याच्याचकडे येतात, असे तो सांगतो. स्टेरॉइडमिश्रित मलम चिखल्यांसाठी मागणाऱ्यासही असेच परतवावे. जे स्वतः मलमे व तेले बनवितात त्यांनी वेष्टनावर ‘मधुमेही व्यक्तीने गरम करून लावू नये’ अशी ओळ ठळक मराठीत छापावी.

आमच्या दवाखान्यात आता दोन तळव्यांच्या आकृतीचा एक रबरी शिक्का आहे. गावातील छापखान्यातून तो करून घेतला. पायाची कोणतीही तक्रार असो, रुग्णपत्रकावर प्रथम तो उमटतो. जेथे स्पर्श कळला नाही तेथे लाल फुली, धमनी लागली नाही तेथे निळी. फुली असलेल्या पत्रकावर शलाकेचे नाव लिहिले जात नाही. सासवडच्या त्या आजींच्या पायांसाठीही सतरंजीवरच एका कागदावर तळवे रेखाटले. चार फुल्या आल्या. नख स्वच्छ करून बांधले, रक्तशर्करा पाहिली, ती बरीच वाढलेली निघाली. पंढरपूरपर्यंत चालू नका म्हटल्यावर त्या ऐकणाऱ्या नव्हत्याच. दिंडीच्या ट्रकवर बसण्यास मात्र त्या तयार झाल्या, तेही विणेकऱ्यांनी शब्द टाकला तेव्हा.

गुरुजी आज सत्तरी ओलांडून आहेत. दर तीन महिन्यांनी येतात, बाकावर बसतात आणि आम्ही काही विचारण्यापूर्वी दोन्ही मोजे काढून पाय स्टुलावर ठेवतात. परवा आमचा नवा साहाय्यक बोट टेकवून विचारीत होता, “आजोबा, लागलं का?” गुरुजी डोळे मिटूनच म्हणाले, “बाळ, तू टेकवलंस का ते आधी सांग.”